खडीच्या पिंपात दुपार साठवता येते का? (अंजीर वाळवणासाठी प्रयोग, मदत हवी आहे)

अंजीरवाली
रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण आकड्यांसकट लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

सासवडच्या अलीकडे आमचं वाळवणाचं छोटं युनिट आहे. मी हडपसरला राहते, रोज दिवे घाट चढून जाते. मुख्य माल अंजीर, पुरंदरचं ‘पूना फिग’. शिवाय शेवग्याचा पाला, आवळा, कांदा. अंजिराचं दुखणं हे की ते एका उन्हात वाळत नाही. ताज्या फळात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १० किलो फळ अडीच किलोवर आणायचं तर साडेसात किलो पाणी हवेत घालवावं लागतं. सोलर ड्रायरमध्ये दुपारी ६० अंश मिळतात, काम झकास चालतं. सहा वाजले की सगळं थंड. मग अर्धवट वाळलेलं फळ रात्रभर ओल ओढून घेतं. खट्टा बहाराच्या वेळी पाऊस पुरता गेलेला नसतो, तेव्हा तर सकाळी ट्रे ओढला की देठापाशी पांढुरकी बुरशी दिसतेच. गेल्या वर्षी एका आठवड्यात ४० किलो माल खड्ड्यात गेला. ज्या ताईंच्या बागेतला होता, त्या शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते विसरता येत नाही.

छपरावर ५ किलोवॅटची पॅनेल आहेत. चांगल्या दिवशी २० युनिट मिळतात, मोटरा-दिवे ५ खातात, उरतात १५. ती बॅटरीत साठवायची तर किंमत लाखांत जाते. मग विचार केला की मला रात्री वीज कुठे हवी आहे? मला ५५ अंशांची हवा हवी आहे. उष्णताच हवी असेल तर उष्णताच साठवावी.

केलं ते असं: २०० लिटरचं लोखंडी पिंप घेऊन आधी आतला रंग जाळून काढला. वाघोलीच्या क्रशरवरून ६ एमएमची काळ्या दगडाची खडी आणली, कच धुऊन काढला. पिंपात साधारण ३०० किलो बसली. मधे ३ किलोवॅटचे निक्रोमचे (शेगडीच्या तारेचे) हीटर, स्टीलच्या नळीत. खडीतून नागमोडी गेलेला दोन इंची पाइप, त्यातून ब्लोअरची हवा जाते आणि गरम होऊन ड्रायरला मिळते. बाहेरून १५ सेंटीमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आणि वर पत्रा. सगळं मिळून २४ हजारांच्या आत.

पहिल्या दिवशी तापमान ११० वर जाऊन तीन तास तिथेच बसलं आणि झाकणातून फुसफुस वाफ. धुतलेली खडी मी दोनच उन्हं वाळवली होती. वरचं रॉकवूल भिजून गेलं, ते बदलावं लागलं. दुसऱ्या वेळी पहिल्या दिवशी २०० आणि तिसऱ्या दिवशी ३०० अंश गाठले. हीटर बंद करून संध्याकाळी ६ ते सकाळी १० नुसतं ठेवून पाहिलं: ३०० चे २१० झाले. म्हणजे तिसरा हिस्सा उष्णता रात्रीत गेली, पण दोन हिस्से उरले!

आता अडचणी दोन. एक, ब्लोअर लावला की पाइपातून सुरुवातीला १४० अंशांची हवा येते आणि ४० मिनिटांत ८० वर घसरते. त्याच वेळी मधला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) २४० दाखवत असतो. उष्णता आत आहे पण बाहेर येत नाही. दोन, तीन आठवड्यांत पिंपाचं पोट सुटलं आहे. खालची शिवण तडकून खडी गळायला लागली. वेल्डरने दोनदा टाके मारले, तिसऱ्यांदा तडकली. कुणाला काही सुचतंय का?

---

गच्चीवरचा
रविवार, रात्री १०.०५

ताई, छान प्रयोग. एक शंका: उरलेले १५ युनिट नेट मीटरिंगने महावितरणला देऊन रात्री परत का घेत नाही? आणि हीट पंप ड्रायर? तो एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांइतकी उष्णता देतो, कारण तो उष्णता बनवत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून आत आणतो. हीटर एकाला एकच देणार.

---

अंजीरवाली
रविवार, रात्री १०.३०

दोन्ही मुद्दे खरे आहेत. शहरात असते तर नेट मीटरिंगच केलं असतं. आमचा फीडर (गावाला येणारी विजेची लाइन) रात्री दोन-दोन तास जातो, आणि नेमक्या त्याच वेळी माल ओला असतो. हीट पंपाची किंमत पाहिली, तो या वर्षी जमणार नाही. पुढे जमला तर नक्की.

---

वाचनमात्र_बिबवेवाडी
रविवार, रात्री ११.१०

माझा भाबडा प्रश्न. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. पहाटे पेटवला की शेवटच्या माणसाच्या आंघोळीपर्यंत पाणी कढत. मग पिंपात पाणीच का नाही भरायचं?

---

वाफकरी
सोमवार, सकाळी ६.४५

वरचा प्रश्न भाबडा मुळीच नाही, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. मी भोसरी आणि चिंचवडमध्ये ३१ वर्षं बॉयलर आणि भट्ट्यांवर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक किलो पाणी एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात पाच किलो दगड एक अंश तापतो. दगड जड असतो म्हणून जागेच्या हिशोबात फरक कमी होतो, पण खडीत पोकळ्या असतात. त्यामुळे एकाच पिंपात, एका अंशामागे, पाणी खडीच्या तिप्पट उष्णता धरतं. ताईंचं पिंप पाण्याने भरून २५ वरून ७५ अंशांवर नेलं तर साडेअकरा युनिट साठतात. खडी ३० वरून ३०० वर नेली तर २०. म्हणजे पाचपट जास्त तापवून दुप्पटसुद्धा साठा नाही, आणि ३०० अंशांचं पिंप उष्णता गळतं किती ते ताईंनी मोजलंच आहे.

म्हणून आंघोळ, भांडी, दुधाचे कॅन धुणं, यासाठी पाण्याला तोड नाही. घरोघरचे सोलर हीटर हेच करतात, १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापलं की ४ युनिट साठले. दगड-विटा कामाला येतात ते पाणी उकळायला लागल्यावर, १०० अंशांच्या वर. ताईंच्या बाबतीत पाणीही चाललं असतं, पण ५५ ची हवा काढायला ७५ च्या पाण्यात जेमतेम २० अंश हाताशी राहतात आणि रेडिएटर बराच मोठा लागतो.

आता पिंपाचं पोट. वेल्डरचा दोष नाही. लोखंड दगडापेक्षा जास्त फुगतं. ५७ सेंटीमीटर व्यासाचं पिंप २७० अंशांनी तापलं की जवळपास दोन मिलिमीटर रुंदावतं. तेवढ्या फटीत खडी खाली सरकते. पिंप निवून आक्रसायला बघतं तेव्हा त्याला जागाच नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा रुंदावतं, पुन्हा खडी सरकते. रोज पाचर ठोकल्यासारखं आहे ते. शिवण तडकणारच. सुटी खडी आणि ताठ पत्रा यांची जोडी रोजच्या तापण्या-निवण्यात टिकत नाही.

एक ताकीद, कुणी करायच्या आत. तापलेल्या खडीत पाण्याची बंद कॉईल घालून वाफ काढायची कल्पना डोक्यात आली तर तिथेच सोडून द्या. पाण्याची वाफ होताना आकारमान १६०० पटींहून वाढतं. सेफ्टी व्हॉल्व्ह, तपासणी आणि शिकलेला माणूस यांच्याशिवाय वाफेला हात लावायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक साधी नळी फुटली होती, समोरच्या भिंतीचं प्लास्टर गेलं.

---

तांपेरेकर
सोमवार, दुपारी १.३०

मूळचा सदाशिव पेठेतला, सहा वर्षं फिनलंडमध्ये आहे. इथे वाळूची बॅटरी नावाने जे प्रसिद्ध झालं त्याबद्दल लिहितो, कारण त्यावरून ताईंच्या पहिल्या अडचणीचं उत्तर मिळतं.

२०२२ मध्ये कांकानपा गावात पोलर नाइट एनर्जी या कंपनीने पोलादी मनोऱ्यात १०० टन वाळू भरली. स्वस्त वीज असेल तेव्हा हवा तापवून वाळूतून फिरवायची आणि वाळू ५००-६०० अंशांवर न्यायची. साठा ८ मेगावॅट-तास, म्हणजे ८,००० युनिट. २०२५ मध्ये पोर्नाइनेन गावात १०० मेगावॅट-तासांची सुरू झाली, तिच्यात २,००० टन शंखजिऱ्याच्या दगडाचा चुरा आहे, शेगड्या बनवणाऱ्या कारखान्यातला उरलेला. यातून वीज परत काढत नाहीत. काढायची तर टर्बाइन लावून शंभरातले तीस-चाळीस हाती येतात, बाकी वाया. इथे रस्त्याखालून गरम पाण्याचे नळ घरोघर गेलेले आहेत, उष्णता थेट त्यात जाते. जिथे उष्णता विकली जाते तिथेच हे परवडतं.

दुसरं, आकार. सगळी मापं दुप्पट केली की साठा आठपट होतो आणि गळती होणारा पृष्ठभाग चारपटच. म्हणून १०० टनांचा मनोरा उष्णता आठवडे धरतो आणि पिंप एका रात्रीत तिसरा हिस्सा घालवतं. घराच्या बाल्कनीत वाळूची बॅटरी करू पाहणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आता ताईंचा पाइप. कोरडी वाळू आणि खडी उष्णतेची वाईट वाहक आहे. पाइपाला चिकटलेली दोन-तीन बोटं खडी आपली उष्णता देऊन टाकते आणि मग तीच लांबच्या तापलेल्या खडीच्या आड रजईसारखी बसते. उपाय दोन: पाइपांची दाट जाळी करायची, किंवा पाइप काढून हवा सरळ दगडांमधून फिरवायची. दुसऱ्या रीतीत दगड मोठे हवेत, २०-४० एमएम, नाहीतर ब्लोअर दमतो. हॅम्बुर्गमध्ये २०१९ मध्ये सीमेन्स गामेसाने हेच केलं होतं, १,००० टन ज्वालामुखीचा दगड, ७५० अंश, १३० मेगावॅट-तास.

आपला पुण्याचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. त्यात गारगोटी जवळपास नसते, हे मोठं भाग्य. गारगोटी ५७३ अंशांना रचना बदलते आणि एकदम फुगते, त्यामुळे ग्रॅनाइटसारखे दगड तडकतात.

---

बेकरी_तिसरी_पिढी
सोमवार, रात्री ११.५०

हा धागा वाचून राहवलं नाही. आमची कॅम्पात भट्टी आहे, आजोबांनी बांधलेली. उष्णता साठवणं हाच आमचा धंदा आहे, आम्ही त्याला कधी असं नाव दिलं नाही इतकंच.

भट्टीची फरशी बांधताना आजोबांनी खाली वाळू, फुटकी काच आणि खडं मीठ यांचा थर घातला, त्यावर भट्टीच्या विटा. घुमटावर हातभर मातीचा थर. रात्री ११ ला आत लाकूड पेटवायचं. दोन-अडीच तास जाळ. घुमट आधी काजळीने काळा होतो, मग वरून पांढरा पडत येतो. पांढरा पडला की विटांनी ताप खाल्ला समजायचं. मग निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटाने फरशी पुसायची आणि तोंड बंद करून अर्धा तास थांबायचं, ताप सगळीकडे सारखा होऊ द्यायचा. ही थांबायची वेळ नव्या पोरांना कळत नाही. घाई केली तर पावाची पाठ करपते आणि पोट कच्चं राहतं.

मग मूठभर मैदा फरशीवर टाकायचा. दहा मोजेपर्यंत बदामी झाला तर पाव आत. लगेच काळा पडला तर अजून थांबा. पहिल्या तापाला पाव, त्यानंतर ब्रून, मग खारी, मग नानकटाई, आणि शेवटच्या मंद तापाला टोस्ट, तो रात्रभर आत पडून सुकतो. जाळ एकदाच केलेला. उतरत्या तापाला जे जे भाजता येतं ते क्रमाने भाजायचं.

ताईंना हेच सांगायचं आहे. सगळी उष्णता एकाच तापमानाला लागते असं धरू नका. आधी आवळा-कांदा, ज्याला जास्त ताप चालतो तो, मग अंजीर, आणि पहाटेच्या कोमट हवेला शेवग्याचा पाला. पाला तसाही मंद हवेत वाळला तर हिरवा राहतो.

मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पुण्यातही ते कधी ना कधी येईल असं मी धरून चाललो आहे. धूर आमच्याही छातीत जातो, माझे वडील त्यानेच आजारी झाले. पण पत्र्याच्या गॅस ओव्हनमध्ये तो पाव होत नाही, कारण त्याला जाड विटांचा दाबून बसलेला ताप नसतो. विटा तशाच ठेवून त्या दुपारच्या विजेने तापवता आल्या तर? वाफकरी काका, यावर लिहाल का?

---

वाफकरी
मंगळवार, सकाळी ७.१५

लिहितो. होय, येतात. विलायतेत आणि जर्मनीत घर तापवायला रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवणारे हीटर कित्येक दशकं आहेत, आतल्या विटा ६०० अंशांच्या वर जातात. कॅलिफोर्नियात रोंडो नावाच्या कंपनीने २०२३ मध्ये इथेनॉलच्या कारखान्यात विटांचा साठा बसवला. भट्टीत निक्रोमच्या कॉईल फरशीच्या खोबणीत आणि घुमटाच्या कडेने बसवता येतील. विटा त्याच, आग बदलली. मात्र तुमच्या भट्टीला एका तापाला किती युनिट लागतील ते आधी लाकडाच्या वजनावरून काढा. कोरडं लाकूड किलोला साधारण ४ युनिट उष्णता देतं, त्यातली निम्मी-अधिक धुराड्यातून जाते. विजेला धुराडं नाही.

अंजीरवाली ताई, तुमच्यासाठी माझा सल्ला: पिंप सोडा, विटांकडे या. पोलाद कारखान्यात झोतभट्टीला, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीला, १,००० अंशांच्या वरची हवा लागते. ती देणाऱ्या कूपर स्टोव्हमध्ये नुसत्या जाळीदार विटा रचलेल्या असतात. धुराने विटा तापवायच्या, मग झडप फिरवून त्याच विटांमधून थंड हवा ढकलायची. १८५७ मध्ये याचं पेटंट निघालं, आजही जगभर हेच चालू आहे. वीट वीटेवर सुटी असते, त्यामुळे फुगायला जागा मिळते, पाचर बसत नाही.

आणि तुम्हाला ३०० अंश कशाला हवेत? हवा ५५ ची हवी ना. साध्या पक्क्या भाजलेल्या लाल विटा घ्या, ४०० नग. पावणेतीन किलोची वीट धरली तर ११०० किलो. एका अंशाला पाव युनिटाहून थोडी जास्त उष्णता. ७० वरून १३० वर नेल्या की तुमचे १५ युनिट बसले. १३० अंशांना गळती कमी, साधं रॉकवूल पुरतं, लोखंड फुगायचा प्रश्न नाही, आणि चुकून हात लागला तरी ३०० अंशांसारखा जळत नाही.

रचताना दोन विटांमध्ये बोटभर फट, वरच्या थरात आडव्या, खालच्यात उभ्या, म्हणजे हवा वळत वळत जाते. दिवसा गरम हवा वरून खाली सोडा, रात्री उलटी, खालून वर घ्या. असं केलं की सगळ्यात गरम विटा वर, बाहेर पडायच्या तोंडाशी राहतात आणि शेवटपर्यंत हवा गरम मिळते.

विटा धुऊन, पूर्ण वाळवून घ्या, पहिल्या वेळी ११० ला चार तास थांबा. ओलीचा अनुभव तुम्हाला आहेच. ड्रायरच्या तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर हवा, खाण्याच्या मालावर विटकरीची भुकटी नको.

---

नवशिक्या_मेकॅनिकल
मंगळवार, सकाळी ९.४०

काका, एक विचारू का? वितळणाऱ्या पदार्थांत जास्त साठा होतो असं शिकलो. मेण वितळताना किलोला २०० किलोज्यूल धरतं. मग विटाच का?

---

वाफकरी
मंगळवार, सकाळी १०.२०

बरोबर शिकलास. मेण ५५-६० अंशांना वितळतं, तेही एकाच तापमानाला, हा मोठा गुण. पण ते पेटतं, गळतं, थिजलं की उष्णता नीट सोडत नाही, आणि किलोमागे विटेच्या कितीतरी पट महाग. मोठ्या सौर केंद्रांत सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं वितळलेलं मीठ वापरतात, ते २९० ते ५६५ अंशांत खेळवतात आणि २९० च्या खाली फार येऊ देत नाहीत, नाहीतर पाइपात गोठतं. शेतातल्या शेडमध्ये असं काही नको. आपल्याकडे अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या केंद्रात ७७० तबकड्या ऊन बिडाच्या ठोकळ्यांवर एकवटतात आणि त्या साठ्यावर १ मेगावॅटचा संच रात्रीही चालतो. बीड म्हणजे नुसतं ओतीव लोखंड. संधी मिळाली तर बघून ये, मी पाहिलं आहे.

---

अंजीरवाली
सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.४५

उशिरा लिहिते आहे, कारण हाताशी पक्के आकडे आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

४०० विटा, मीटरभर लांब-रुंद-उंच पेटी, चहूबाजूंनी आणि खाली १५ सेंटीमीटर रॉकवूल. खालचं विसरू नका, आधीच्या पिंपात मी तळाला कमी दिलं होतं आणि शेडची जमीनही गरम लागायची. विटा आम्ही चौघींनी रचल्या. पहिला थर तीनदा मोडला, कारण फटी सारख्या येत नव्हत्या. मग एका ताईने लाकडी पट्टीचा तुकडा मापाला धरला आणि काम सुरळीत झालं.

परवाचे आकडे: संध्याकाळी साडेपाचला वरचा थर १३२, सकाळी ७ ला ७४. ड्रायरमधली हवा पहाटे ४ पर्यंत ५२ ते ५५ च्या मधे, नंतर उतरत ४७. रात्री ट्रे चढवताना आणि सकाळी उतरवताना वजन केलं, फरक ८ किलो. ८ किलो पाणी, रात्रीत, उन्हाशिवाय. मध्ये पाऊण तास वीज गेली होती. ब्लोअर छोट्या बॅटरीवर घेतला आहे, त्याला ६० वॅटच लागतात, तो चालूच राहिला.

बेकरीवाले दादा, तुमचा क्रम लावला आहे. पहाटे ४ नंतर अंजिराचे ट्रे खाली आणि शेवग्याचा पाला वर. पाला पोपटी राहिला.

ढगाळ दिवसाचं उत्तर अजून नाही. सलग दोन दिवस ऊन नसेल तर विटा ६० वर येतात आणि मग काही उपयोग नाही. त्यासाठी पेटीच्या तळाशी शेगडीचं तोंड ठेवलं आहे, अंजिराच्या छाटणीचं लाकूड जाळून बंद धुराड्यातून विटा तापवता येतील का ते बघते आहे. वाफकरी काका, धूर मालाला लागू न देता ते कसं करावं याचं एक चित्र काढून टाकाल का?

ज्यांचा माल गेल्या वर्षी गेला त्या ताई काल आल्या होत्या. त्यांनी एक अंजीर हातात घेऊन मधोमध फाडलं, आतला गर दाबून पाहिला. बोटाला चिकटलं, पण ओल आली नाही. उद्या ६० किलो घेऊन येते म्हणाल्या.

---

वाफकरी
शनिवार, रात्री ९.३०

चित्र उद्या सकाळी टाकतो. तोवर शेगडी लावू नका. धुराडं शेडच्या छपराच्या दोन हात वर घ्यावं लागेल, आणि विटांचा धुराचा मार्ग मालाच्या हवेच्या मार्गापासून पत्र्याने पूर्ण तोडावा लागेल. पत्रा किती गेजचा आहे ते कळवा.